शंकूसारख्या डोळ्याला कठीण लेन्सचा आधार



दवाखान्यातील जुने केसपेपर अधूनमधून चाळणे हे माझ्या वयाच्या डॉक्टरने करावे असे काम आहे. त्यातून रुग्णाविषयी जेवढे कळते, त्याहून अधिक स्वतःविषयी कळते. मध्यंतरी एका १७ वर्षांच्या मुलाचा केसपेपर मी असाच पुढ्यात घेऊन बसले होते. तीन वर्षांत पाच ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : ‘डोळ्यांना खाज, चोळतो.’ पाचही वेळा मी ॲलर्जीची गोळी आणि थेंब लिहून दिले होते आणि “चोळू नकोस रे” असे म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. त्याच तीन वर्षांत त्याच्या चष्म्याचा नंबर चार वेळा बदलला होता. मला हे ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

सहाव्या भेटीला तो आजीबरोबर आला. खोकला आजीला होता; नातू केवळ सोबतीला. उठता उठता आजी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, ह्याला जरा रागवा. नवीन चष्मा आणला तरी म्हणतो, फळ्यावरचं दिसत नाही. रात्री मोटारसायकलचा दिवा बघितला की म्हणतो, आजी, त्याला शेपट्या फुटल्यात. सगळं त्या मोबाइलमुळं. याचे वडील म्हणतात, बारावी झाली की चष्मा घालवायचं ऑपरेशनच करून टाकू. कबड्डीत चष्मा अडतो ना.”

‘शेपट्या’ हा शब्द ऐकला आणि मी पेन खाली ठेवले. मुलाला विचारले, “एक डोळा झाकून चंद्राकडे पाहिलंस तर चंद्र एकच दिसतो?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उजव्या डोळ्यानं तीन दिसतात. एकावर एक चढल्यासारखे. सगळ्यांनाच तसं दिसत असेल असं वाटलं.”

त्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून निदान आले : दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस, उजव्यात अधिक. आज त्याच विषयावर आपल्याशी बोलायचे आहे. हा आजार बहुधा तरुणांना गाठतो, मग ज्येष्ठांच्या पाक्षिकात तो कशाला, असे आपणास वाटेल. परंतु घरातील मूल डोळे चोळते हे सर्वांत आधी आजी-आजोबांच्या ध्यानात येते. शिवाय तरुणपणी हा आजार झालेली कित्येक माणसे आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांचे प्रश्न निराळे आहेत. या दोघांसाठी हा लेख.

डोळ्याची समोरची काच

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याचा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लेन्सच्या संदर्भात ती महत्त्वाची आहे. डोळ्यात शिरणारे किरण एकत्र आणण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हे पारपटलच करते. म्हणून त्याचा आकार जरासा बिघडला तरी दृष्टी बरीच बिघडते.

केराटोकोनसमध्ये हे पारपटल हळूहळू पातळ होते आणि मध्याच्या किंचित खाली शंकूसारखे पुढे येते. गोल घुमटाचा कळस व्हावा तसे. किरण मग एका बिंदूवर न मिळता विखुरतात. दिव्याला शेपट्या, अक्षराला सावली, एका चंद्राचे तीन चंद्र, हे सारे त्यामुळेच. चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर वारंवार वाढतो, आणि एका टप्प्यानंतर कोणताही चष्मा पुरेसा पडत नाही. चष्म्याची काच नियमित वक्रता सुधारू शकते. उंचसखल पृष्ठभागापुढे तिचे चालत नाही.

आजार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो, विशीत वाढतो आणि साधारण तिशी-चाळिशीनंतर स्थिरावतो. दोन्ही डोळ्यांना होतो, पण सारखाच नव्हे. घरात कोणाला असणे, ॲलर्जीचा त्रास असणे, डाउन सिंड्रोम असणे आणि डोळे जोरजोरात चोळण्याची सवय असणे, ही त्याच्याशी जोडलेली कारणे. हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे असेही समजू नका. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले होते आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २.३ टक्के लोकांच्या पारपटलाची वक्रता या आजारात मोडावी एवढी आढळली. केवळ वक्रतेवरून केलेली ही गणना थोडी सैल मानली, तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दोन गैरसमज

आजीच्या घरी दोन गैरसमज होते आणि ते बहुतेक घरांत असतात.

पहिला असा की, चष्मा घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रियेने हे बरे होईल. प्रत्यक्षात ती शस्त्रक्रिया पारपटल कोरून पातळ करते. जे आधीच पातळ होत आहे ते आणखी कोरणे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीच्या विटा काढण्यासारखे आहे. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाचा नकाशा काढणारी तपासणी झालीच पाहिजे. त्या मुलाचे वडील बारावीपर्यंत थांबले, हे त्याचे नशीब.

दुसरा गैरसमज असा की, कठीण लेन्स घातली म्हणजे शंकू दाबला जातो आणि आजार थांबतो. तसे होत नाही. लेन्स केवळ दृष्टी सुधारते. आजाराची वाढ रोखण्यासाठी वेगळा उपचार आहे. त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तो विकसित झाला आणि माणसांवरील त्याचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पारपटलावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर ठरावीक प्रमाणात अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील तंतूंचे परस्परांशी बंध वाढून ते अधिक ताठ होते. या उपचाराने नंबर जात नाही, आहे तेथे रोखला जातो. म्हणूनच तो वेळेवर व्हावा लागतो. वय जितके कमी तितकी घाई अधिक. आमच्या मुलावर आधी हा उपचार झाला. जखम पूर्ण भरून येऊन पारपटल स्थिरावल्यावर लेन्सचा विचार सुरू झाला.

मी तीन वर्षांपूर्वी योग्य प्रश्न विचारला असता, तर तो कदाचित पुष्कळ कमी नंबरवर रोखला गेला असता. हे मी त्याच्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कठीण लेन्स काय करते?

“काच डोळ्यात घालायची? रुतली तर? डोळ्याच्या मागं गेली तर?” हे आजींचे प्रश्न. आधी त्यांची उत्तरे. पापणीच्या आतले पातळ आवरण मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेले असते. त्यामुळे लेन्स डोळ्याच्या मागे जाऊच शकत नाही. फार तर बाजूला सरकून पापणीखाली दडते. आणि ती आज काचेची नसते.

एके काळी मात्र ती काचेचीच होती. इंग्लंडमध्ये जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरांनी १८५४ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. १८८८ मध्ये झुरिक येथे अडॉल्फ फिक यांनी डोळ्यावर बसवायची काचेची भिंगे तयार केली. आधी सशांवर, मग स्वतःवर आणि नंतर रुग्णांवर त्यांनी ती वापरून पाहिली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये युजेन काल्ट हेही शंकूसारख्या पारपटलासाठी असेच प्रयत्न करीत होते. म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सच्या अगदी पहिल्या प्रयोगांत हा आजार होता. १९४८ मध्ये अमेरिकेतील केव्हिन तुओही यांनी केवळ पारपटलावर बसणारी प्लॅस्टिकची लहान लेन्स आणली. परंतु त्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू जात नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्राणवायू आरपार जाऊ देणारे कठीण पदार्थ आले. आज वापरात असलेल्या कठीण लेन्स त्याच जातीच्या. आपल्याकडील चष्म्याच्या दुकानांत त्यांना ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात. पण नावावर जाऊ नका, त्या मऊ नसतात.

त्या काम कशा करतात? जुन्या घरातली शहाबादी फरशी आठवा. ती खडबडीत, उंचसखल असते. पण तिच्यावर पाणी साचले की वरचा पृष्ठभाग सपाट होतो, त्यात आभाळ स्वच्छ दिसते. कठीण लेन्स आपला गोल आकार सोडत नाही. ती आणि पारपटल यांच्यामधल्या फटी अश्रूंनी भरून जातात. किरण वाकवण्याचा अश्रूंचा गुण पारपटलाच्या गुणाशी बराच जवळचा असल्याने खालचा उंचसखलपणा जवळजवळ पुसला जातो, आणि डोळ्याला समोर एक नवा, नितळ पृष्ठभाग मिळतो. मऊ लेन्सला हे साधत नाही; ती ओल्या कापडासारखी शंकूवर पसरते आणि त्याचाच आकार घेते. म्हणून अगदी सौम्य आजार सोडला तर मऊ लेन्सचा उपयोग थोडाच.

माप घेण्याचा दिवस

लेन्स बसवण्याच्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून त्यांच्याबरोबर पुण्याला गेले. प्रायश्चित्त म्हणा, किंवा इतकी वर्षे चिठ्ठी लिहून रुग्ण पाठवीत आले ते काम पाहावे असे वाटले म्हणा.

चष्मा करायला पंधरा मिनिटे पुरतात. या लेन्सला अर्धा दिवस लागू शकतो, आणि पहिल्याच भेटीत काम होईल असे नाही. आधी पारपटलाचा नकाशा काढला. त्यावरून तज्ज्ञांनी पेटीतील चाचणीच्या लेन्समधून एक निवडली. ती डोळ्यावर ठेवताच मुलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आजी खुर्चीतून उठल्या. त्यांना पुन्हा बसवावे लागले. कठीण लेन्सला पापणी आरंभी परकी समजते. वीस-तीस मिनिटांत पाणी थांबले, मग खरी तपासणी सुरू झाली.

फ्लोरेसिन नावाच्या नारिंगी रंगाच्या कागदी पट्टीचे टोक ओले करून डोळ्याला किंचित लावतात आणि निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पमधून पाहतात. जेथे लेन्सखाली अश्रू साचले आहेत तेथे हिरवा उजेड दिसतो. जेथे लेन्स पारपटलाला टेकली आहे तेथे काळोख. मला तज्ज्ञांनी यंत्रातून पाहू दिले. शंकूच्या टोकावर काळा, मोठा डाग होता. “ही चपटी पडते,” त्या म्हणाल्या. “सारा भार टोकावर येतोय. त्याला आत्ता त्रास होणार नाही, कदाचित दिसेलही चांगलं. पण वर्षानुवर्षं घासून तिथं व्रण उठेल.”

दुसरी लेन्स अधिक खोलगट होती. तिच्याखाली टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला आणि कडा घट्ट बसली. पापणी मिटली तरी ती हलेना. हेही चुकीचे. लेन्स घट्ट बसली तर खालचे अश्रू बदलत नाहीत, आणि पारपटलाचा श्वास त्या अश्रूंवर असतो हे आपण वर पाहिलेच आहे. तिसऱ्या लेन्सने टोकाला जेमतेम स्पर्श केला, दोन्ही बाजूंना हलका टेका घेतला, कडेला हिरवी रेघ सारखी उमटली आणि पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर ती एखादा मिलिमीटर सरकून पुन्हा जागेवर आली. भार तिन्ही ठिकाणी विभागला गेला. अंगरखा बेतताना शिंपी खांद्यावर, काखेत आणि पाठीवर जसे पाहतो, तसेच हे. शिंप्याच्या चुकीने कपडा दाटतो. येथे डोळा जातो, एवढाच फरक.

मग त्या लेन्सवर नंबर तपासला. अक्षरांचा तक्ता वाचताना मुलगा खालच्या ओळींपर्यंत पोहोचला. मला वाटले तो काही बोलेल. तो वळून आजीकडे पाहत राहिला.

“आजी, तुझं गोंदण तीन ठिपक्यांचं आहे?”

“मग? लहानपणी बोट ठेवून मोजायचास की रे.”

“मला एकच डाग वाटायला लागला होता.”

आजींनी पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीबाहेर पाहिले.

एकच प्रकार सर्वांना नाही

केवळ पारपटलावर बसणारी लेन्स साधारण ९-१० मिलिमीटर व्यासाची असते. शंकूसाठी तिच्या खास रचना मिळतात. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांची ‘रोझ के’ त्यांतली सुपरिचित. ती टोचत असेल तर खाली मऊ लेन्स घालून वर कठीण लेन्स ठेवता येते. मध्ये कठीण आणि कडेला मऊ अशीही एक लेन्स असते. शंकू फार पुढे आलेला असेल, लहान लेन्स वारंवार पडत असेल किंवा सहनच होत नसेल, तर स्क्लेरल लेन्स असते. ती साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. ती पारपटलाला न टेकता कमानीसारखी त्याच्यावरून जाते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. तो भाग कमी हळवा असल्याने ती पुष्कळदा अधिक सुखकर वाटते. तिच्यात संरक्षक रसायन नसलेले सलाइन भरूनच ती डोळ्यावर चढवावी लागते. मात्र ती महाग असते आणि घालण्या-काढण्याचा सरावही अधिक लागतो. कोणती योग्य हे डोळा ठरवतो, जाहिरात नव्हे. खर्चाविषयी आधीच स्पष्ट विचारावे : लेन्सची किंमत, माप चुकल्यास बदलून मिळते का, द्रावणाचा महिन्याचा खर्च, आणि लेन्स साधारण किती काळाने नवी करावी लागेल. हे विचारण्यात संकोच कसला?

घरी सांभाळताना

लेन्स काढता येऊ लागल्याशिवाय ती घरी नेऊ देऊ नये, हा चांगल्या केंद्राचा नियम असतो. घालण्यापेक्षा काढता येणे अधिक महत्त्वाचे. सांभाळणाऱ्या घरातील एका व्यक्तीनेही ते शिकून घ्यावे.

हात साबणाने धुऊन, तंतू न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करावेत. टेबलावर स्वच्छ कापड अंथरून त्यावर आरसा आडवा ठेवावा. बेसिनजवळ बसायचेच असेल तर त्याचे भोक आधी बंद करावे. नेहमी उजव्या डोळ्यापासून आरंभ करावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स घालण्यापूर्वी तिच्या कडेला चीर किंवा टवका गेलेला नाही ना, हे उजेडात पाहावे. पहिल्या दिवशी दोन-चार तास, मग तज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे रोज थोडे वाढवत न्यावे. लेन्स घालून झोपू नये, दुपारची डुलकीसुद्धा नाही.

नळाचे, माठाचे, विहिरीचे, उकळून गार केलेले, कोणतेच पाणी लेन्सला लावू नये. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो पारपटलात शिरला तर महिनोन्महिने औषध घेऊनही डोळा वाचवणे कठीण होते. थुंकी लावून लेन्स ओली करण्याची सवय तर अक्षम्यच. लेन्ससाठी दिलेलेच द्रावण वापरावे, डबीतील द्रावण रोज टाकून नवे भरावे आणि डबी दर एक ते तीन महिन्यांनी बदलावी. आंघोळ, पोहणे, रंगपंचमी या वेळी लेन्स डोळ्यात नको. काजळ, सुरमा, मध, गुलाबपाणी यांतले काहीही डोळ्यात घालू नये. लेन्स असो वा नसो.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, चिकट स्राव आला किंवा दिसणे अंधुक झाले, तर लेन्स ताबडतोब काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लेन्स डबीसकट बरोबर न्यावी. वाढलेल्या आजारात कधी अचानक पारपटलात पाणी शिरून ते पांढरे दिसू लागते. तेव्हाही उशीर करू नये. आणि एक कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. खाज थांबते खरी, पण काचबिंदू आणि मोतीबिंदू चोरपावलांनी येतात.

खाज सुटली तर काय करावे? आजींनी यावर एक उपाय काढला आहे. नातू घरी आला, लेन्स काढून झाली, की पिळलेला गार रुमाल मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा. हात डोळ्याकडे गेला की त्या फक्त “हात!” म्हणतात. माझ्या पाच चिठ्ठ्यांपेक्षा त्या एका शब्दाचा गुण अधिक आला. ॲलर्जीचे औषध नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू आहेच.

ज्येष्ठांसाठी विशेष

माझ्याकडे येणारे सत्तरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक विशीपासून कठीण लेन्स वापरतात. दरवर्षी मी त्यांचा रक्तदाब मोजते, साखर पाहते. लेन्सविषयी कधी बोलणे झाले नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तेव्हा त्यांनी सहज सांगितले आणि मी चपापले. आपल्यापैकी कोणाला केराटोकोनस असेल, तर तीन गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हा आजार आणि लेन्स या दोन्हींविषयी शल्यविशारदांना स्पष्ट सांगावे. कठीण लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. आत बसवायच्या भिंगाचे माप घेण्यापूर्वी ती लेन्स काही आठवडे बंद ठेवावी लागते. एका वेळी एकच डोळा असा मोकळा ठेवला तर दैनंदिन व्यवहार अडत नाहीत. एवढे करूनही शंकूच्या डोळ्यात भिंगाचा अचूक नंबर काढणे अवघड असते, हे मनाशी धरून ठेवावे.

दुसरी : शस्त्रक्रियेनंतरही कठीण लेन्स लागू शकते. आपण ती पुढे वापरणार असाल, तर कोणत्या प्रकारचे भिंग बसवायचे याचा निर्णय त्यानुसार बदलतो. महागडे ‘सर्व नंबरांचे’ भिंग अशा डोळ्याला बहुधा मानवत नाही. आणि लेन्स घातली तरी वाचनासाठी वरून जवळचा चष्मा लागतोच. त्यात लेन्सचा दोष नाही, तो वयाचा भाग आहे.

तिसरी : वयाबरोबर डोळे कोरडे पडतात, बोटे थरथरतात, सांधे आखडतात. पन्नास वर्षे बिनबोभाट वापरलेली लेन्स एके दिवशी हातातून निसटते. हा पराभव नव्हे. लेन्स काढायची रबरी नळी वापरता येते, घरातल्या माणसाला शिकवता येते. मुख्याध्यापकांची लेन्स आता त्यांच्या पत्नी काढतात. “चाळीस वर्षं मी यांच्या चुका काढल्या, आता या माझी लेन्स काढतात,” असे ते सांगतात आणि त्या कपाळाला हात लावतात.

पारपटलावर व्रण उठला किंवा कोणतीच लेन्स टिकेना, तर पारपटलाचे प्रत्यारोपण करावे लागते. त्यासाठी कोणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानाची गरज असते. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. वय झाले, चष्मा आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, म्हणून नेत्रदान करता येत नाही असे नाही. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. म्हणून आपली इच्छा घरच्यांना आज सांगून ठेवावी.

शेवटी

मुलगा आता दिवसाला दहा तास लेन्स घालतो. कबड्डीच्या मातीत मात्र ती घालून उतरायचे नाही, हे त्याला पटवणे सर्वांत जड गेले. धूळ लेन्सखाली गेली तर पारपटल ओरखडते, आणि धक्क्याने लेन्स मातीत पडली तर ती सापडत नाही. तो सध्या रेषेबाहेर उभा राहून धाकट्यांना शिकवतो. त्याला ते आवडत नाही, आणि मी त्याला आवडते असे म्हणायला लावत नाही.

माझ्या दवाखान्यात आता डोळ्यांना खाज सुटलेल्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न विचारते : “चष्म्याचा नंबर शेवटचा कधी बदलला?” आपणही एक करा. आज रात्री घरातल्या मुलाला किंवा नातीला अंगणात, गच्चीवर न्या. एकेक डोळा झाकून दूरच्या दिव्याकडे पाहायला सांगा. चष्मा असेल तर तो घालूनच. दिवा एकच दिसतो का, त्याला शेपट्या फुटतात का, दोन्ही डोळ्यांना सारखे दिसते का, एवढेच विचारा. उत्तर ऐकून शंका आली, तर मोबाइलला दोष देण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि पारपटलाचा नकाशा काढण्याविषयी विचारा. मुले बहुधा आपण होऊन सांगत नाहीत. सगळ्यांनाच तसे दिसत असेल, असे त्यांना वाटत असते.